ऐकलेलं मैदान

मी ती मॅच पाहिली नाही, ऐकली.

१ सप्टेंबर २००७, शनिवार, दुपारचे बारा. अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरात, मिशिगन विद्यापीठाच्या मिशिगन स्टेडियममध्ये, अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला १,०९,२१८ लोकांची गर्दी आणि त्यांच्या पाठीमागं खाण्याच्या ठेल्यावर टोपी चढवून, एप्रन बांधून उभी असलेली मी. जन्मात अंड्याला हात लावला नव्हता आणि आता एकामागून एक हॉट डॉग चांदीच्या कागदात गुंडाळत होते. मुलगा तेव्हा आठवीत, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचा. ऑर्केस्ट्राला दौऱ्यासाठी पैसे हवे होते. इथं पद्धत अशी की स्टेडियममधले असे ठेले शाळा, चर्च, क्लब यांचे स्वयंसेवक चालवतात आणि विक्रीतला काही हिस्सा त्या संस्थेला मिळतो. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीला दारोदार फिरावं लागतं. इथं वर्गणीदारच खिडकीशी रांग लावतो आणि वर मोहरीचा सॉस जास्त मागतो.

ठेल्याची पाठ मैदानाकडं. आमच्या आणि खेळाच्या मध्ये काँक्रीटची भिंत, आणि बाजूला आत जायची वाट. त्या वाटेतून दिसायचं ते फक्त आकाश. कारण मैदान तिथं नव्हतंच, ते खाली होतं.

हे मला त्याच सकाळी कळलं. दारं उघडायच्या आधी मी सहज आत डोकावायला गेले. लाखभर माणसं बसतात म्हणजे इमारत केवढी उंच असेल, अशा हिशेबानं मी मान वर करून निघाले होते. चार पावलं टाकली आणि पायाखालची जमीनच खाली गेली. बाकड्यांच्या ओळींमागून ओळी खोल उतरत गेलेल्या आणि पार तळाशी हिरवंगार, टाचणीनं ताणून बसवल्यासारखं मैदान. बाहेरून जाताना बैठं कुंपण आणि त्यामागं थोडासा चढ एवढंच दिसायचं. शहरात आठ वर्षं राहून, त्यावरून हजारदा गाडी नेऊन, आत एवढं काही आहे असा संशय आला नव्हता.

माझं माहेर साताऱ्याचं. लिंब गावची बारा मोटेची विहीर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवायची असते, त्यामुळं लहानपणी ती किती वेळा पाहिली त्याला गणती नाही. शेतात चालत असतो, काही दिसत नाही, आणि एकदम पायऱ्या खाली उतरायला लागतात. आम्ही पोरं काठावरून ओरडायचो आणि खालून आपलाच आवाज जाडाभरडा होऊन वर यायचा. आई मागून रागवायची, "अगं, घसा बसेल!" बसायचाच.

स्टेडियमच्या काठावर उभी राहून मला पहिलं आठवलं ते हेच. दुसरं असं, की इथं ओरडायची सोय मोठी आहे.

आमच्या ठेल्यावर एक आजोबा होते. ऑर्केस्ट्रातल्या एका चेलो वाजवणाऱ्या मुलीचे. त्यांचं नाव मला ठाऊक होतं आणि समोर मी ते घ्यायचेही, पण मनात आजोबाच म्हणायचे. त्यांच्या एप्रनच्या खिशात छोटा रेडिओ आणि एका कानात वायर. पण आजोबांना रेडिओची गरज फार थोडी होती. ते गर्दीच ऐकायचे. आखूड, फटकन उठून बसणारा आवाज म्हणजे दहा यार्ड मिळाले. खालून वर चढत जाणारा, चढतच राहणारा आवाज म्हणजे कुणीतरी बॉल घेऊन पळतंय. तो शिगेला पोचून फुटला आणि मागोमाग बँड सुरू झाला की टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडं पोचला. लाखभर घशांतून एकदम निघालेला "आऽऽह" म्हणजे हातातला बॉल सुटला. आणि मधूनच यायचा किणकिणाट, जत्रेच्या वाटेवर घुंगरांच्या माळा घातलेल्या बैलगाड्या लांबून याव्यात तसा. ते काय आहे, मी विचारलं. "किल्ल्या," आजोबा म्हणाले. समोरच्या संघाचा तिसरा प्रयत्न असला, की लोक खिशातून घरा-गाडीच्या किल्ल्या काढून हलवतात.

तिसरा प्रयत्न म्हणजे काय, तर या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास चालतो आणि बॉलला पाय क्वचितच लागतो. याला फुटबॉल का म्हणतात, हा प्रश्न इथं आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या वर्षी विचारतो आणि दुसऱ्या वर्षी विसरतो. मलाही एवढंच येतं. पुढं शिकायची निकड मला कधी भासली नाही, कारण मला आवाज कळायला लागले होते.

त्या दिवशी आवाज चुकत होते.

समोर ॲपलॅचियन स्टेट. नॉर्थ कॅरोलिनातल्या डोंगरातलं कॉलेज, तेव्हा खालच्या विभागातलं. त्या विभागाचे ते विजेते होते, पण मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर. हंगामाच्या सुरुवातीला मोठी कॉलेजं अशा लहान संघांना मानधन देऊन बोलावतात. यांना चार लाख डॉलर दिले होते. म्हणजे पाहुण्यांनी यायचं, हरायचं, पैसे घ्यायचे आणि जायचं. पण मध्यंतराला २८–१७ असे पाहुणेच पुढं होते. रांगेतली माणसं सुटे पैसे न मोजता खिशात टाकत होती. नवऱ्याचा फोन आला, "काय चाललंय गं तिथं?" मॅच दाखवणारी नवी वाहिनी दोनच दिवसांपूर्वी सुरू झाली होती आणि आमच्यासारख्या बऱ्याच घरांत ती यायचीच नाही. सगळं गाव डोळे बांधून बसलेलं आणि त्याला बातमी देणार कोण, तर भिंतीमागं हॉट डॉग विकणारी मी.

शेवटी शेवटी मिशिगन ३२–३१ असं पुढं गेलं. तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही, पण काउंटरवरच्या नाण्यांच्या चळती हलल्या एवढं सांगते. मग सव्वीस सेकंद उरलेले असताना पाहुण्यांची तीन गुणांची किक, ३४–३२. मग मिशिगनचा एक लांबलचक पास, पुन्हा तो चढता आवाज. सहा सेकंद बाकी, किक मारली की मॅच खिशात. आजोबांनी वायर कानातून काढली. म्हणाले, "हे असंच ऐकायचं."

बॉलला पाय लागल्याचं वर आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. ऐकू आलं ते दुसरं. लाखभर लोकांनी श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडलाच नाही. किक अडवली गेली होती. त्यानंतर जी शांतता झाली, ती मी त्याआधी फक्त एकदा अनुभवली होती, घरातलं माणूस गेल्यावर डॉक्टर दारातून बाहेर येतात तेव्हाची. खालच्या एका कोपऱ्यातून मूठभर पाहुण्यांचा कल्लोळ येत होता, बारीक, दुसऱ्याच्या घरातल्या टीव्हीसारखा. मग माणसं बाहेर यायला लागली. एक लाख माणसं समोरून गेली आणि मला त्यांच्या बुटांचे आवाज ऐकू आले.

रात्री आईला फोन केला. "लाख माणसं? कशाची जत्रा?" "कॉलेजची मॅच गं." "कॉलेजची?" तिला ते पटेना. कॉलेजच्या मॅचला आमच्याकडे बाकावरचे राखीव खेळाडू आणि सायकली सांभाळणारी पोरं एवढाच प्रेक्षक असायचा. "बरं, हरली का मग?" "हरली." "मग लोकांनी दगडबिगड मारले?" "नाही. गप घरी गेले." "चांगली आहेत हो," आई म्हणाली.

आईचा प्रश्न मात्र रास्त आहे. कॉलेजच्या मैदानाला लाखभर जागा कशाला? ॲन आर्बरची वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर. स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. अख्खं गाव उचलून आत बसवलं, तर थोडीच माणसं बाहेर राहतील.

याचं उत्तर फील्डिंग योस्ट नावाच्या गृहस्थांकडं जातं. हे १९०१ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात त्यांच्या संघानं ५५० गुण केले. समोरच्यांनी सगळे मिळून किती? शून्य. १९०२ च्या एक जानेवारीला कॅलिफोर्नियात रोझ बोल नावाचा सामना पहिल्यांदा झाला, तिथं स्टॅनफर्डला ४९–० हरवलं. आठ मिनिटं उरली असताना स्टॅनफर्डनंच आता पुरे म्हणून हात टेकले. असा माणूस पुढं क्रीडा विभागाचा प्रमुख झाल्यावर जुन्या मैदानावर समाधानी राहील कसा? पण विद्यापीठातल्या प्राध्यापकांना या खेळाचा वाढता बाजार खुपत होता. १९२६ मध्ये समितीनं नव्या स्टेडियमला मान्यता दिली ती अटींवर: बांधकाम अगदी साधं हवं, त्याचं स्मारक करायचं नाही. मनोरे, कमानी असला थाट नको. म्हणजे मी आठ वर्षं ज्याच्यावरून जात होते आणि जे मला दिसलं नव्हतं, ते न दिसणं हा त्या प्राध्यापकांचा विजय होता. योस्टचा विजय जमिनीखाली होता.

पैसा उभा केला तोही लोकांकडून. पाचशे डॉलरचा एक असे तीन हजार रोखे, तीन टक्के व्याज, आणि रोखा घेणाऱ्याला तिकिटाचा हक्क. येल विद्यापीठाच्या मैदानाचा नमुना समोर ठेवून जमिनीत वाडगा खणायला घेतला, तर खाली पाणी. झरे फुटले, माती दलदलीसारखी झाली. एक क्रेन त्यात रुतली आणि ती अजून मैदानाखाली आहे, असं इथं सगळे सांगतात. आजोबांनी तर ती कितव्या यार्डाच्या रेघेखाली आहे तेही सांगितलं. आमच्या लिंबच्या विहिरीतल्या भुयाराचं दुसरं टोक कुठं निघतं, हे आमचे काका सांगायचे त्याच खात्रीनं.

साडेनऊ लाख डॉलर खर्चून ४४ विभाग, ७२ रांगा, ७२ हजार जागा तयार झाल्या. १ ऑक्टोबर १९२७ ला पहिली मॅच, ओहायो वेस्लियनविरुद्ध ३३–०. तीन आठवड्यांनी ओहायो स्टेटला बोलावून रीतसर उद्घाटन केलं आणि त्यांनाही २१–० घालवलं. पाया घालतानाच योस्टनी पुढं लाखभर जागा करता येतील अशी तजवीज करून ठेवली होती. लोकांना तेव्हा ते वेड वाटलं असणार. १९५६ मध्ये क्षमता १,०१,००१ झाली. शेवटचा तो एक कशाला? तो फ्रिट्झ क्रिस्लरसाठी. हे योस्टनंतरचे गाजलेले प्रशिक्षक आणि पुढं क्रीडा प्रमुख, खेळाडूंच्या हेल्मेटवर पिवळे पंख रंगवणारे. तेव्हापासून क्षमता कितीही बदलली तरी आकड्याच्या शेवटी एक ठेवतात. ती एक खुर्ची नेमकी कुठली, हे गुपित. मला ही गोष्ट फार आवडते. रामकथेला मारुतीसाठी एक पाट मांडून ठेवतात, तशी.

आवाजाच्याच गोष्टी सांगायच्या, तर बॉब यूफर यांना वगळून चालणार नाही. १९४५ ते १९८१ ते रेडिओवरून मिशिगनच्या मॅचेसचं वर्णन करत. तटस्थपणा वगैरे भानगड नाही, उघडउघड आपल्या संघासाठी बेभान. मिशिगनचा उच्चार ते "मीऽचिगन" करायचे आणि टचडाउन झाला, की दुसऱ्या महायुद्धातल्या जनरल पॅटनच्या जीपवरचा म्हणून सांगितला जाणारा भोंगा तीनदा वाजवायचे. आजोबा तो भोंगा तोंडानं वाजवून दाखवत आणि रांगेतली पन्नाशीच्या पुढची माणसं एकदम हसून मागं बघत. या स्टेडियमला "द बिग हाऊस" हे नाव दिल्याचं श्रेय टीव्हीवरच्या कीथ जॅक्सन यांना देतात. मैदानातला निवेदक आणखी एक गंमत करतो. इतर मोठ्या मॅचेसचे निकाल सांगता सांगता पेनसिल्व्हेनियातल्या स्लिपरी रॉक नावाच्या चिमुकल्या कॉलेजचाही निकाल सांगतो. नावाची मजा वाटते म्हणून. ते जिंकले की लाख लोक टाळ्या पिटतात. १९७९ मध्ये तर त्या संघाला खरोखरच इथं आणून खेळवलं. मिशिगनचा काही संबंध नसताना ६१,१४३ लोक बघायला आले. स्लिपरी रॉक हरलं ते सोडा.

पण या विहिरीत सगळेच आवाज वर आलेले नाहीत.

विलिस वॉर्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू १९३२ मध्ये संघात आला. त्याआधी चाळीस वर्षं मिशिगननं एकाही कृष्णवर्णीयाला खेळवलं नव्हतं आणि त्यातली बरीचशी वर्षं योस्टची होती. १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्जिया टेकचा संघ दक्षिणेतून येणार होता. त्यांनी कळवलं, वॉर्ड मैदानावर असेल तर आम्ही खेळणार नाही. विद्यार्थ्यांनी सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या. विद्यापीठानं वॉर्डला बसवलं. त्याच्या घरच्याच मैदानावर, त्याच्या वर्गमित्रांसमोर. संघात सेंटर म्हणजे मधल्या जागी खेळणारा जेराल्ड फोर्ड हा त्याचा मित्र. दौऱ्यावर दोघं एका खोलीत राहायचे. फोर्डनी संघ सोडायची तयारी केली होती असं सांगतात, पण शेवटी तो खेळला. मिशिगन ९–२ जिंकलं आणि त्या हंगामात जिंकलं ते एवढंच. वॉर्ड पुढं वकील झाला, न्यायाधीश झाला. फोर्ड अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९९९ मध्ये, छ्याऐंशी वर्षांचे असताना, विद्यापीठाच्या प्रवेशांत वंशाचा विचार व्हावा की नाही यावर खटले चालू होते, तेव्हा फोर्डनी वर्तमानपत्रात विद्यापीठाच्या बाजूनं लेख लिहिला आणि त्यात वॉर्डची ही गोष्ट सांगितली. पासष्ट वर्षं तो शनिवार त्यांच्या मनात होता.

आजोबांना ही गोष्ट ठाऊक होती, पण ते ती कधी आपण होऊन सांगत नसत. त्यांचा आवडता शनिवार १९६९ च्या नोव्हेंबरचा. बो शेंबेक्लर नावाचा नवा प्रशिक्षक, समोर सलग बावीस मॅच जिंकलेलं ओहायो स्टेट, आणि निकाल २४–१२. आजोबा तेव्हा तिशीचे, बायकोला आठवा महिना लागलेला आणि हे स्टेडियममध्ये. "तिनंच सांगितलं, जा म्हणून," असं ते तीनतीनदा म्हणायचे. बो हे त्यांचं दैवत. पुढं, बो गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, बाहेर आलं की विद्यापीठाचा एक डॉक्टर दशकानुदशकं तपासणीच्या नावाखाली विद्यार्थ्यांचं आणि खेळाडूंचं लैंगिक शोषण करत होता. विद्यापीठानंच नेमलेल्या चौकशीत निघालं, की तक्रारी वेळोवेळी वरपर्यंत गेल्या होत्या. कुणी ऐकल्या नाहीत. २०२२ मध्ये हजारावर लोकांना मिळून एकोणपन्नास कोटी डॉलरची भरपाई ठरली. एवढ्या मोठ्या आवाजाची सवय असलेल्या जागेत हळू बोललेलं ऐकू येत नसावं. आजोबा तोवर फ्लोरिडाला राहायला गेले होते. मी त्यांना पत्र लिहायला घेतलं आणि हा विषय न काढता, संत्री कशी आहेत, असं काहीतरी लिहून संपवलं.

पैशाचंही तसंच. आमच्या ऑर्केस्ट्राला त्या ठेल्यातून पैसे मिळाले, प्रशिक्षकाला लाखो डॉलर मिळत होते, खेळाडूंच्या क्रमांकाचे टीशर्ट शेजारच्या दुकानात धडाधड विकले जात होते. खेळाडूला मिळायची शिष्यवृत्ती. स्वतःच्या नावावर कमवायची परवानगी त्यांना जुलै २०२१ मध्ये मिळाली. माझा नवरा म्हणतो, आता यात कॉलेज कुठं राहिलं? मी म्हणते, ते १९२७ मध्ये तरी कुठं होतं? तेव्हा फक्त मेहनत फुकट होती.

२०१० मध्ये बावीस कोटी साठ लाख डॉलर खर्चून स्टेडियमचं नूतनीकरण पूर्ण झालं.  दोन्ही बाजूंना विटांच्या उंच इमारती उठल्या, त्यात श्रीमंतांच्या काचबंद खोल्या. त्या प्राध्यापकांच्या अटी तिथं संपल्या. आता स्टेडियम लांबून दिसतं. पूर्वी आवाज वाडग्यातून थेट आकाशात जायचा, आता भिंतींवर आपटून आत परत पडतो. आत बसणारे खूश. आमचं घर पश्चिमेला दीड मैलावर. तिथं तो आवाज तेव्हापासून कमी येतो. आधी ऑक्टोबरमध्ये मेपलची पानं गळाली की शनिवार दुपारी स्वयंपाकघरात उभं राहून स्कोअर कळायचा. कुकरची शिट्टी आणि टचडाउन एकदम झाले, की मुलगा टाळ्या वाजवायचा. आता वारा आमच्या दिशेचा असेल तरच.

शनिवारी गावाचं जे होतं ते मात्र तसंच राहिलं. समोरच्या पायोनियर हायस्कूलचं आवार सकाळपासून गाड्या आणि शेगड्यांनी भरून जातं. पलीकडच्या गोल्फ क्लबच्या हिरवळीवर गाड्या लावतात, जिथं एरवी टोकदार बूट घालून चाललं तरी डोळे वटारतात. आजूबाजूचे घरमालक अंगणात पाट्या लावतात आणि लॉनवर गाड्या घेतात. मी किराणा शुक्रवारी उरकते.

आणि २०२०. करोनात मॅचेस झाल्या, पण प्रेक्षक नाहीत. १९७५ च्या नोव्हेंबरपासून इथं प्रत्येक मॅचला लाखाच्या वर माणसं आलेली, तो क्रम तिथं तुटला. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मिशिगन स्टेटविरुद्ध मॅच होती. मी मास्क लावून मेन स्ट्रीटवरून चालायला गेले. रस्ता मोकळा, अंगणांत पाट्या नाहीत. कुंपणाशी उभी राहिले तर आतून शिट्टी ऐकू आली, मग हेल्मेट हेल्मेटवर आपटल्याचा खट्ट आवाज, मग कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन ओरडलं. तेरा वर्षांत पहिल्यांदा मला खेळाचा आवाज ऐकू आला. तोवर मी ऐकत होते ती गर्दी. वीस-बावीस वर्षांची पोरं होती आत, एकमेकांना हाका मारणारी. घरी आले. हरले होते, २७–२४.

पुढच्या वर्षी, २७ नोव्हेंबरला, मुलाकडं ओहायो स्टेटच्या मॅचची दोन तिकिटं होती. एकाच्या मालकाला आयत्या वेळी ताप आला. सत्तावीस वर्षांचा मुलगा आईला विचारतो ते किती नावं संपल्यावर, याचा मी हिशेब केला नाही. "आई, येतेस? चार तास थंडीत उभं राहावं लागेल." मी म्हटलं, मी तिथं आठ तास उभी राहिलेय.

बर्फ पडत होतं. वरच्या दारातून आत शिरलो आणि खाली उतरायला लागलो. साठावी रांग, चाळिसावी, विसावी, अशा उलट्या गणतीनं आकडे कमी होत गेले आणि वरचा वारा थांबला. बाकड्यावर एका माणसाला मिळते ती दीड वीत जागा आणि त्यात थंडीचे जाड कोट. त्यामुळं बसायचा प्रश्नच नव्हता, सगळे उभे. माझ्या एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला एक अनोळखी बाई. दहा मिनिटांत तिची कोपर माझ्या बरगडीत कायमची राहायला आली. मी सवयीनं डोळे मिटून ऐकून पाहिलं. तिथं काही कळेना. आवाज कुठून कुठं जातोय, चढतोय की फुटतोय, काही नाही. वर भिंतीमागं उभं राहून जे स्पष्ट ऐकू यायचं, त्याचा आत नुसता कल्ला होता, अंगाच्या आतून येणारा. डोळे उघडून बघायलाच लागलं.

हॅसन हॅस्किन्स नावाचा धिप्पाड मुलगा बॉल छातीशी धरून घुसायचा आणि प्रत्येक वेळी तीनचार जणांना घेऊन पडायचा. त्यानं पाच टचडाउन केले. ओहायोचा तिसरा प्रयत्न आला तशी मी पर्समधून किल्ल्या काढल्या. घराच्या, गाडीच्या, आणि साताऱ्याच्या घराच्या कपाटाची एक, जी मी का बाळगते ते मला सांगता येणार नाही. ४२–२७. दहा वर्षांनी हरवलं होतं ओहायोला. शेवटची शिट्टी झाली तशी वरून माणसं वाहत खाली आली आणि मैदान दिसेनासं झालं. मुलगा म्हणाला, "चल." माझे गुडघे साठीला आलेले. तरी गेले.

त्या तळाशी उभी राहून मी वर पाहिलं. चहूबाजूंनी चढत गेलेल्या रांगा, वर गोल कापलेलं करडं आकाश, त्यातून भुरभुरतं बर्फ. मग मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बहुतेक मराठीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. माझ्या तोंडून नुसती हवा.

"काय गं, आवाज कुठं गेला तुझा?"

"मॅचला गेले होते," मी कसंबसं म्हटलं.

"ते पाव विकायचं? अजून करतेस?"

"नाही गं. या वेळी आत गेले होते. खाली."

"मग बसणारच," आई म्हणाली. "कोमट पाण्यात मीठ घाल आणि गुळण्या कर. आणि आता बोलू नकोस, ठेव फोन."